सांगड : जुनी आणि नवी

‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण निबंधांतून सर्रास वापरतो. परंतु सांगड म्हणजे मुळात काय, असे वर्गात विचारले तर फार थोडे हात वर होतील. दोन होड्या, ओंडके किंवा वाळलेले भोपळे एकत्र बांधून पाण्यावर तरंगणारे जे साधन सिद्ध करतात, ती सांगड. कुंभारजुव्यास गणेशविसर्जनाच्या प्रसंगी दोन होड्या जोडून त्यांवर मंच उभारतात, त्यास आजही ‘सांगोड’ असेच म्हणतात. एकटी होडी माणूस कडेला सरकताच कलते. दोन जोडल्या की तळ रुंद होतो आणि माणसे निर्धास्त उभी राहतात.

याच तत्त्वाचा नवा अवतार म्हणजे प्लॅस्टिकच्या पोकळ ठोकळ्यांचा तराफा. घरोघरी पाणी साठविण्याची निळी पिंपे ज्या पदार्थाची असतात, त्याच उच्च घनतेच्या पॉलिथीनचे हे ठोकळे. कार्ल झीग्लर या जर्मन शास्त्रज्ञाने १९५३ साली हा पदार्थ साध्या दाबाखाली तयार करण्याची रीत शोधली आणि पुढे १९६३ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. ठोकळा साधारणतः ५० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असतो. चारही कोपऱ्यांवर कान असतात. शेजारच्या ठोकळ्यांचे कान एकावर एक ठेवून त्यांत खुंटी बसविली की झाले.

आता आर्किमिडीजला थोडे कामाला लावू. ठोकळ्याचे घनफळ १०० लिटर, म्हणजे तो पुरता बुडेल तेव्हा १०० किलो पाणी बाजूस सारील. त्याचे स्वतःचे वजन सहा-सात किलो धरले, तर नव्वद किलोंहून किंचित अधिक भार तो पेलू शकतो. अर्थात इतका भार लादणे शहाणपणाचे नव्हे, निम्मा धरावा. चौरस मीटरला चार ठोकळे लागतात. अठ्ठेचाळीस ठोकळ्यांचा बारा चौरस मीटरचा तराफा या हिशेबाने दोन टनांच्या आसपास ओझे सुखाने वाहील, आणि सुटे केलेले ठोकळे एका टेंपोत मावतील. एकेक ठोकळा तर आठवीतला मुलगाही उचलील.

असे तराफे आज पर्यटकांच्या क्रीडानौका बांधण्यासाठी मागविले जातात. त्यास माझा विरोध नाही. मात्र त्यांच्यावर पहिला हक्क नदीकाठच्या गावांचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचे पाणी सोडले गेले आणि पेडण्यातील इब्रामपूर, चांदेल, तसेच डिचोलीतील साळ हे गाव पुराने वेढले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच आपत्ती. अशा वेळी माणसाला नेण्यास होडी मिळते; दावणीला बांधलेल्या गाईला कोण नेणार? धान्याची पोती कशावर ठेवणार? पेडणे आणि डिचोलीच्या अग्निशामक केंद्रांत प्रत्येकी असा एक तराफा सुटा करून ठेवावा. फोफावत्या प्रवाहात तो घालणे म्हणजे आत्मघातच, हे मी जाणतो. परंतु पाणी संथ होऊन शेतांत व वाड्यांत तुंबून राहते, तेव्हाच त्याची खरी गरज लागते.

डिचोलीचा दुसरा प्रश्न खाणींचा. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या. काही अलीकडे सुरू झाल्या असल्या तरी कित्येक खंदक पावसाच्या पाण्याने भरून तळी बनले आहेत. काठावर बसविलेला पंप पाणी खाली गेले की कोरडा पडतो व पाणी वर आले की बुडतो. तरंगत्या चौथऱ्यावरचा पंप मात्र पाण्याबरोबर चढतो, पाण्याबरोबर उतरतो. खालच्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात पाणी हवे असते आणि पावसाळ्यात तेच पाणी बांध फोडून येईल याची धास्ती असते. दोन्ही ऋतूंत या चौथऱ्याचा उपयोग आहे.

धक्क्यांचेही तेच. आपल्या नद्यांत भरती-ओहोटीचा फरक दोन मीटरांपर्यंत जातो. ओहोटीला पायऱ्या संपतात आणि म्हातारी माणसे चिखलात उतरतात. मांडवीवर पणजी व जुने गोवे येथे काँक्रीटचे तरंगते धक्के झाले. तेरेखोल आणि शापोरा यांच्या काठच्या रापणकरांना, होडीवाल्यांना लहानसा प्लॅस्टिकचा पुरेल.

एक अट मात्र घालावीच लागेल. ऊन प्लॅस्टिकला ठिसूळ करते. शापोरेच्या मुखाशी मोरजीच्या वाळूत कासवे अंडी घालतात. तिथे या ठोकळ्यांचे तुकडे पोचता कामा नयेत. जो पुरवील त्यानेच जीर्ण ठोकळे परत न्यावेत, आणि हे करारात लिहूनच घ्यावे. प्रत्येक पावसाळ्यापूर्वी खुंट्या व दोर तपासण्याचे काम कोणाचे, हेही त्याच कागदावर असावे. ‘सर्वांचे’ असे लिहिले की ते कोणाचेच राहत नाही.

त्रिपुरारी पौर्णिमेला सांखळीजवळ विठ्ठलापूर येथे वाळवंटीत सजविलेल्या नौका सोडतात. आपल्यापैकी ज्यांना अशा नौका करण्याची हौस आहे, त्यांनी यंदा घट्ट बुचाचे रिकामे डबे एकमेकांस बांधून पाहावेत, शाळेच्या तराजूवर दगड तोलून त्यांवर ठेवावेत, आणि किती किलोला पाणी काठोकाठ येते ते वहीत टिपावे. पंचायतीकडे अर्ज न्यायचा झाल्यास ती वही सोबत जोडता येईल.