दोन पट्ट्यांपासून एका ट्रॅकपर्यंत : वऱ्हाडच्या लग्नाच्या कॅसेटने काय गमावले?

१/ अमरावती-अकोल्याच्या स्टुडिओत लग्नाचा व्हिडिओ जोडला जातो, तेव्हा संगणकावर क्लिपांची एकच रांग दिसते. दोन क्लिपांच्या सांध्यावर एक लहान चौकोन असतो. हळद विरते, वरात उमटते. या चौकोनामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्याने जे झाकले, त्याची किंमत वऱ्हाडने मोजली. #धागा

२/ एक दृश्य विरत असताना दुसरे उमटणे म्हणजे डिझॉल्व्ह. त्या क्षणी पडद्यावर दोन्ही दृश्ये असतात. म्हणून पहिले दृश्य सांध्याच्या पुढेही थोडे उरलेले असावे लागते आणि दुसरे सांध्याच्या आधीपासून हाती असावे लागते. कापसाच्या मुलखाला हे नवे नाही. पेळूचे शेवटचे तंतू न कातता राखले, तरच त्यात नवा पेळू धरतो.

३/ दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’च्या (१९१९) आरंभी त्यांची कन्या मंदाकिनी आधी साध्या रूपात दिसते, मग तिच्या जागी कृष्ण उमटतो. मूकपटांच्या काळात असा परिणाम कॅमेऱ्यातच साधता येई. प्रकाश हळूहळू मिटवायचा, फिल्म मागे फिरवायची आणि त्याच भागावर नवे दृश्य घ्यायचे. हात चुकला तर दोन्ही दृश्ये वाया जात.

४/ पुढे हे काम प्रयोगशाळेकडे गेले. एका पद्धतीत निगेटिव्हच्या दोन पट्ट्या केल्या जात. एकीवर चित्र असेल तेथे दुसरीवर काळी फिल्म, आणि सांध्यापाशी मात्र दोहोंवर चित्र. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दोन सेकंदांच्या डिझॉल्व्हसाठी प्रत्येक पट्टीवर ४८ फ्रेम. ही शिल्लक संकलकाला आधीच मोजून ठेवावी लागे.

५/ धामणगावचे राजदत्त यांनी १९७७ साली गाडगेबाबांवर ‘देवकीनंदन गोपाला’ केला, तो याच फिल्मच्या युगात. दिग्दर्शक आणि चरित्रनायक दोघेही अमरावती जिल्ह्याचे. अमरावती शहर तर ‘सी.पी. बेरार’ या चित्रपट-वितरण क्षेत्राचे मोठे केंद्र होते. मात्र वऱ्हाडात चित्रपट येत, ते जोडून तयार झालेले, रिळांच्या पेट्यांतून. जोडण्याची कला गावोगावी पोहोचली ती व्हिडिओमुळे.

६/ १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले. त्या दशकात व्हीसीआर आला आणि पाठोपाठ लग्नाचे ‘शूटिंग’ आले. दोन व्हीसीआरवरून दोन दृश्ये सोडायची, मध्ये मिक्सर, आणि तिसऱ्यावर नवी कॅसेट भरायची. संकलनाला ‘मिक्सिंग’ हा शब्द येथूनच चिकटला. दोन्ही दृश्ये एकाच कॅसेटवर असतील, तर एकाची आधी नक्कल करावी लागे, आणि प्रत्येक नकलेत चित्र फिके होई.

७/ १९९१ मध्ये आलेल्या अ‍ॅडोबी प्रीमियरने हीच रचना पडद्यावर आणली : वर ए ट्रॅक, खाली बी ट्रॅक, मध्ये सांध्याची पट्टी. २००१ च्या सहाव्या आवृत्तीत दोन ट्रॅक की एक, अशी निवड होती. २००३ च्या प्रीमियर प्रोमध्ये एकच पद्धत उरली. क्लिपा एका रांगेत आणि सांधा त्यांच्या कडेवर.

८/ ही सोय मोठी होती, हे मान्यच केले पाहिजे. तालुक्याच्या गावातील तरुणाला महागड्या यंत्रांवाचून हा धंदा करता आला.

९/ पण दुसरे दृश्य नाहीसे झाले नव्हते. ते फक्त दिसेनासे झाले. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर एका सेकंदाच्या सांध्याला कडेपलीकडे दोन्ही बाजूंना सुमारे बारा फ्रेम लागतात. यांना हँडल म्हणतात. ती नसतील, तर काही सॉफ्टवेअर कडेची फ्रेमच पुन्हा पुन्हा दाखवते आणि चालता नवरदेव क्षणभर पुतळ्यासारखा थबकतो.

१०/ थबकलेला नवरदेव ही क्षुल्लक गोष्ट. खरी हानी सवयीची आहे. दिसते तेवढेच कामाचे, उरलेले पुसावे, ही ती सवय. ती कॅसेटच्या काळापासूनच होती. कॅमेऱ्यातील कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरली जाई. एका ट्रॅकने शिल्लक नजरेआड केली आणि ती सवय पक्की झाली.

११/ पुसले गेले त्यात काय होते? मांडवातील गप्पा, पंगतीतला आग्रह, आजीने सुनेला दिलेली तंबी, हे सारे अस्सल वऱ्हाडीत. जोडलेल्या कॅसेटमध्ये त्यावर चित्रपटगीत चढे. कित्येक घरांत गेलेल्या माणसाचे चालते-बोलते रूप याच एका कॅसेटात आहे. ओठ हलतात, पण आवाज नाही.

१२/ एकदा तयार कॅसेटवर उतरलेला डिझॉल्व्ह सोडवता येत नाही. आजोबांच्या चेहऱ्यात मिसळलेली वरात पुन्हा वेगळी होत नाही. मूळ चित्रण असेल, तरच दोन्ही परत मिळतात.

१३/ यात स्टुडिओचालकांना दोषी धरणे अन्यायाचे ठरेल. कॅसेट महाग होती, नफा थोडा, आणि मूळ चित्रण कोणी मागतही नव्हते. आज ती सबब उरलेली नाही. साठवण स्वस्त झाली आहे, तरीही लग्नाचे मूळ चित्रण पुसलेच जाते.

१४/ उपाय साधे आहेत. चित्रण करणाऱ्याने प्रसंगाच्या आधी-नंतर काही सेकंद कॅमेरा चालू ठेवावा. स्टुडिओने तयार व्हिडिओसोबत मूळ चित्रण, मूळ आवाजासह, द्यावे. घरच्यांनी ते मागून घ्यावे. कपाटातल्या कॅसेटांना बुरशी धरण्याआधी त्यांचे डिजिटल रूप करावे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने अशा चित्रणातील वऱ्हाडी बोलीचा संग्रह उभारला, तर ते मोठे काम होईल.

१५/ फाळक्यांपासून आजच्या सॉफ्टवेअरपर्यंत यंत्रे बदलली, नियम बदलला नाही : दोन दृश्ये जोडायची, तर दोहोंचे थोडे राखावे लागते. दोन पिढ्या जोडायच्या, तर वऱ्हाडला त्याहून बरेच अधिक राखावे लागेल. (समाप्त)