कृष्णाकाठची काव्यचर्चा

जुनी मराठी कविता एकट्याने मनातल्या मनात वाचण्यासाठी रचलेलीच नाही. ओवी पोथीतून ऐकली जाई, अभंग भजनात म्हटला जाई, मोरोपंतांची आर्या हरदासाच्या तोंडून गावोगाव पोचे. १८५४ साली परशुरामतात्या गोडबोले यांनी ‘नवनीत’मध्ये जुन्या कवितेचे वेचे एकत्र केले आणि तिला शाळेची वाट मिळाली. पाठांतर, अन्वय, अर्थ असा तिचा क्रम ठरला. त्यात तोटाही होता: परीक्षेपुरता वाचलेला कवी परीक्षेनंतर फारसे कोणी उघडत नाही.

सातारा-सांगलीच्या दोन कवींनी कविता पुन्हा श्रोत्यांत आणली. यशवंत यांचा जन्म १८९९ साली चाफळला, समर्थ रामदासांच्या राममंदिराच्या गावी झाला. सांगलीत त्यांना काव्यरचनेचे धडे मिळाले ते साधुदास, म्हणजे गोपाळ गोविंद मुजुमदार, यांच्याकडून. साधुदासांची रामकथेवरील ‘विहार’ काव्ये पंडिती वळणाची. नव्या पिढीचा कवी जुन्या वृत्तांत तयार झाला तो असा. गिरीश, म्हणजे शंकर केशव कानेटकर, साताऱ्याचे. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात ते प्राध्यापक होते.

हे दोघे १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळात होते. माधव ज्यूलियन, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे हेही त्यात होते. मंडळाच्या बैठकीत कविता आधी आपसांत वाचली जाई, तिच्यावर बोलणे होई आणि मग ती बाहेर पडे. यशवंत-गिरीशांच्या काव्यगायनाने ती सभागृहांत पोचली. गोड गळा लाभला की दुबळी कविताही टाळी घेऊन जाते, हा गायनावरचा आक्षेप खोटा नव्हे. १९२५ साली अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये या कवींची यथेच्छ टर उडवली. विडंबन हेही वाचनच, आणि बहुतेक प्रशस्तिलेखांहून बारकाईचे.

पलूस तालुक्यातील औदुंबरला कृष्णेकाठी, दत्तस्थानाच्या सान्निध्यात, दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरते. कवी सुधांशू यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सदानंद साहित्य मंडळाची ही परंपरा. बालकवींच्या ‘औदुंबर’ कवितेचा या गावाशी संबंध नाही, पण काव्यचर्चा म्हणजे काय, हे तिच्यावरून उत्तम कळते. कविता आठ ओळींची. तिच्यात कोणाला निव्वळ निसर्गचित्र दिसले, कोणाला उदासीनता, कोणाला विरक्ती. समीक्षकांचा हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटावा असेही नाही.

वाद मात्र खऱ्या शब्दांवर व्हायला हवा. तोंडोतोंडी फिरणाऱ्या अभंगात शब्द बदलतात, चरण गळतात, आणि ‘तुका म्हणे’ एवढे जोडले की कोणाचीही ओळ तुकोबांच्या नावावर खपते. शंकर पांडुरंग पंडित यांनी हस्तलिखिते ताडून गाथा सिद्ध केली, ती १८७३ साली पूर्ण झाली. एवढे कष्ट पाठभेदांपायीच. आज अभंग काही क्षणांत शेकडो लोकांकडे जातो, गाथा उघडायला मात्र कोणाला सवड नसते. ही चूक अडाण्यांची नव्हे, शिकलेल्यांची आहे.

यंदाच्या दिवाळी पहाटेला जुनी कविता म्हणणाऱ्यांनी आधी कवीचे आणि संग्रहाचे नाव सांगावे, आणि म्हणून झाल्यावर श्रोत्यांना तिच्याविषयी बोलू द्यावे.