पोराच्या डोक्यावर हिरवी पट्टी नसते

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच शाळा-कॉलेजांच्या सामन्यांचा हंगाम सुरू होतो. सकाळी सहाला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून बघा. एका खांद्यावर किट, दुसऱ्यावर दप्तर आणि डोळ्यांत अर्धी झोप घेऊन पोरं येत असतात. त्यांच्या आईवडिलांशी, त्यांच्या सरांशी आणि थोडंसं त्या पोरांशीही मला बोलायचं आहे. निमित्त मात्र कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचं आहे.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. दोन मित्रांना घेऊन तो कॉलेज बास्केटबॉलचा गेम बनवतोय. त्यात आपण कोच व्हायचं, बारा जणांचा संघ सांभाळायचा. प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी. पळाला की ती पिवळी होते, मग लाल. बाकावर बसवला की दोन मिनिटांत पुन्हा हिरवीगार.

“मामा, तू कॉलेजकडून खेळायचास ना? थकवा खरा वाटतोय का सांग.”

दोन सामने खेळून मी म्हटलं, “आधी ती पट्टी काढून टाक.”

त्याला वाटलं, मामा थट्टा करतोय. म्हणून त्याला माझीच एक गोष्ट सांगितली. कॉलेजात असताना एका स्पर्धेत आमचे तीन दिवसांत तीन सामने झाले. तिसऱ्या दिवशी शेवटच्या टाइमआउटला सरांनी विचारलं, “ठीक आहेस ना?” मी म्हटलं, “हो सर.” मिनिटभरात मला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत आले. नेम चुकला नव्हता, हातही थरथरत नव्हता. पायांतला जोर संपला होता. फ्री थ्रो हाताने टाकतात असं बघणाऱ्याला वाटतं, पण चेंडू वर जातो तो गुडघ्यांच्या जोरावर. आम्ही एका गुणाने हरलो. मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच ठीक वाटत होतं.

माटुंग्याच्या इंडियन जिमखान्यात किंवा नागपाड्याच्या कोर्टवर वर्षानुवर्षं सामने बघणारी माणसं पट्टीशिवाय थकवा ओळखतात. पोरगा बचावात गुडघे न वाकवता ताठ उभा राहू लागतो. पाय सरकवायचे सोडून हात पुढे करतो आणि फाउल घेतो. खेळ थांबला की शॉर्टची कड मुठीत धरून वाकतो. शॉट एकामागून एक तोकडे पडू लागतात. भाच्याच्या गेममध्ये थकलेल्या खेळाडूचे सगळे गुण सारखेच कमी होत होते. प्रत्यक्षात आधी पाय जातात, मग निर्णय. चेंडू हाताळायची सवय बराच वेळ टिकते, आणि म्हणूनच बघणारा फसतो.

दुसरी चूक होती पट्टी भरण्याच्या वेगात. थकव्याला आपल्याकडे एकच शब्द नाही. आपण म्हणतो दम लागला, गळून गेलो, अंग आंबलं. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं आहे.

दम लागतो तो जोरात धावून. स्नायूंतला तातडीचा साठा साधारण अर्ध्या मिनिटात निम्मा भरतो आणि तीनेक मिनिटांत बराचसा. बाकावर बसवून जे परत येतं ते एवढंच. गळून जातो तेव्हा स्नायूंत साठवलेली साखर संपलेली असते. ती भरायला पोटभर जेवण आणि जवळपास एक दिवस लागतो. अंग आंबतं ते उड्या मारून, खाली उतरताना बसलेल्या धक्क्यांनी. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ठणकतं. शनिवारी खेळलेला पोरगा रविवारी बरा वाटतो आणि सोमवारी जिन्यावरून उतरताना कठडा धरतो, तो यामुळे. भाच्याला मी म्हटलं, एका पट्टीच्या जागी तीन खाती ठेव. एक मिनिटांत भरणारं, एक दिवसात, एक दोन-तीन दिवसांत. आणि तिन्ही कोचपासून लपव.

त्याने विचारलं, “आणि सगळ्यांचं सारखंच कमी करायचं?” छान प्रश्न होता. हिंदू कॉलनीत राहणारा पोरगा दहा मिनिटांत मैदानावर पोचतो. बदलापूरचा पोरगा पहाटेची लोकल धरून सव्वा तास उभ्याने येतो, दादरच्या पुलावर रेटारेटी सोसतो आणि मग सरावाला उभा राहतो. कोचच्या हिशेबात दोघांचीही तीसच मिनिटं लागतात.

त्यात झोप धरा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या अकरा खेळाडूंवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच ते सात आठवडे त्यांना रात्री दहा तास अंथरुणात घालवायला सांगितलं होतं. सराव तोच होता, तरी त्यांचे फ्री थ्रो नऊ टक्क्यांनी सुधारले, तीन गुणांचे शॉटही तेवढेच, आणि धावण्याचा वेगही वाढला. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात. क्लास, सामने आणि मोबाइल सांभाळून आपल्या घरातली किती मुलं एवढी झोपतात?

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, “तेंडुलकर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत साठ दिवसांत पंचावन्न सामने खेळला होता!” खरं आहे, त्यानेच आपल्या आत्मचरित्रात ते लिहिलंय. दिवसभराच्या खेळानंतर त्याचे कोच आचरेकर सर त्याला पॅड न सोडता शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारायला लावत, हेही खरं. पण गोष्टीचा उरलेला भाग कुणी सांगत नाही. वांद्र्याहून बसने येण्याजाण्यात पोराचा दिवस जातोय हे घरच्यांना दिसलं, आणि सचिन शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला आला. आचरेकर सर तर पोरांना स्कूटरवर घेऊन एका मैदानावरून दुसऱ्यावर जात. म्हणजे तो भार रोज बघणारी माणसं जवळ होती. आज एकच मुलगा शाळेकडून, क्लबकडून, अकादमीकडून आणि सोसायटीच्या संघाकडूनही खेळतो. चार सर, आणि चौघांची एकमेकांशी ओळख नाही. प्रत्येकाला वाटतं, आपण तर जेमतेम दोन तास घेतो. सगळी बेरीज दिसते ती फक्त घरात. म्हणून ही विनंती पहिल्यांदा घरच्यांना आहे.

एक शंभर पानी वही घ्या. खेळून आल्यावर अर्ध्या तासाने, पाणीबिणी पिऊन झालं की, विचारा: आज किती जड गेलं, शून्य ते दहापैकी? तो आकडा खेळलेल्या मिनिटांनी गुणा. ९० मिनिटांचा सराव आणि सांगितले सात, तर ६३०. ४० मिनिटांचा सामना आणि सांगितले नऊ, तर ३६०. रविवारी रात्री बेरीज करा. ही पद्धत अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांनी रूढ केली आणि मोठमोठे संघ ती वापरतात. पेन्सिलीपलीकडे खर्च नाही. नेहमी दोन हजारांवर थांबणारी बेरीज एखाद्या आठवड्यात एकदम साडेतीन हजारांवर गेली, तर पुढचा आठवडा हलका ठेवा. ते सरांना सांगायला संकोच करू नका, वही दाखवा.

आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टीचा ठेवा. त्या दिवशी “नुसती थोडी नेट प्रॅक्टिस”ही नको. शिस्तीत होणाऱ्या खेळाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ देऊ नका. चौदा वर्षांच्या मुलाला चौदा तास पुष्कळ झाले. मुलांचे क्रीडावैद्यही हाच सल्ला देतात.

काही दुखणी वहीत लिहून भागत नाहीत. नडगीवर किंवा पाठीच्या मणक्याजवळ एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, खेळणाऱ्या मुलीची सलग तीन महिने चुकलेली पाळी. यातलं काहीही असलं तर खेळ थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. बाम चोळून फायनल खेळवू नका.

सरांना एवढंच सांगणं आहे की “ठीक आहेस ना?” हा प्रश्न विचारू नका. त्याला एकच उत्तर असतं, आणि ते तुम्ही स्वतःही कधीतरी दिलेलं आहे. “कुठे जड वाटतंय?” असं विचारा. मग उत्तर येतं. बास्केटबॉलमध्ये खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. बाकावरच्या सात जणांनाही त्यांच्या आईवडिलांनी खेळायलाच पाठवलं आहे.

आणि पोरांनो, जड वाटतंय म्हणालात म्हणून संघातली जागा जात नाही. लपवून खेळलात आणि हाड गेलं, तर हंगाम जातो.

गेल्या रविवारी भाच्याने नवा गेम दाखवला. पट्ट्या गायब. खेळाडू फक्त दिसतात, आणि कोचला त्यांना काहीतरी विचारता येतं. माझा सगळ्यांत चांगला पोरगा छत्तीस मिनिटं कोर्टवर होता. बचावात तो ताठ उभा राहू लागला होता आणि ते मला दिसलंही होतं, पण सामना चुरशीचा होता. मी विचारलं. पडद्यावर उत्तर आलं, “ठीक आहे, सर.” मी त्याला ठेवला.

शेवटच्या मिनिटात त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही पुढच्या कडेवर आपटले.

भाचा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, “आता खरा वाटतोय.” वही घ्यायला मात्र उशीर करू नका. दादरच्या गोखले रोडवर कुठल्याही दुकानात मिळेल.