जाळ्याच्या हिशेबाने समुद्र मोजणारे

सिल्लोडच्या बाजार समितीत येणाऱ्या मक्याच्या नि मिरचीच्या गाड्या पाहणाऱ्यांनी खोल समुद्रातील माशांविषयी लेखणी उचलावी, याचे वसई-मालवणकडील आमच्या वाचकांना नवल वाटेल. परंतु हा वाद माशांचा कमी आणि हिशेबाचा अधिक आहे. बाजारात आलेल्या मालावरून शेतात काय उरले आहे ते छातीठोकपणे सांगणाऱ्या शहाण्यांशी आमची येथे जुनी ओळख आहे. तीच माणसे आता समुद्रावरही बोलू लागली आहेत, म्हणून हा प्रपंच.

किनाऱ्यापासून दूर, महासागरात कुपा किती, तलवार मासा किती, हे प्रत्यक्ष मोजणे जवळजवळ अशक्य आहे. संशोधन-नौकांच्या फेऱ्या महाग पडतात आणि त्या महासागराच्या अगदी थोड्या भागापर्यंत पोहोचतात. म्हणून शास्त्रज्ञ धंदेवाईक बोटींच्या नोंदवह्यांकडे वळतात. अमुक चौकोनात इतके गळ टाकले, इतके मासे लागले. म्हणजे शंभर गळांमागे इतके. हे प्रमाण निम्म्यावर आले की समुद्रातले मासेही निम्म्यावर आले, असे गृहीत धरायचे. गृहीतक दिसायला सोज्ज्वळ आहे. घात तेथेच होतो.

आमच्याकडे पैसेवारी ठरविताना पीक कापणी प्रयोग होतात. त्यासाठी शेत आणि शेतातील तुकडा डोळे मिटून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने निवडायचा असतो. गावातले सर्वांत हिरवे शेत पाहून कोणी तेथेच माप धरले, तर दुष्काळातही भरघोस पीक निघेल आणि सारा गाव चावडीवर धावून जाईल. नाखवा मात्र नेमके हेच करतो. जेथे मासा आहे तेथेच तो जाणार. तो त्याचा व्यवसाय आहे आणि त्यात त्याचा काडीमात्र दोष नाही. दोष आहे तो त्याच्या वहीला पीक कापणी प्रयोग समजणाऱ्यांचा.

मराठवाड्यातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. विहीर आटली की तो बोअर घेतो. दोनशे फुटांवर धार बारीक झाली की पाचशेवर जातो, मोटार बदलतो. पाइपातून पडणारे पाणी वर्षानुवर्षे तेवढेच दिसते. धारेवरून भूजल मोजणारा अधिकारी समाधानाने अहवाल लिहील, आणि एके दिवशी पाइपातून नुसती हवा येईल. समुद्रातही असेच होते. मासा कमी झाला की उरलेला मासा एकवटतो, बोटीचे यंत्र मोठे होते, प्रतिध्वनी-यंत्र येते, उपग्रहाशी जोडलेले तराफे स्वतःखालचा मासा कळवू लागतात. पकडीचा दर टिकतो आणि साठा खालून संपत जातो.

ही आमची कल्पना नव्हे. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचे असेच झाले. 1980 च्या दशकात मोठ्या ट्रॉलरांच्या नोंदी आश्वासक होत्या आणि साठ्याचे अंदाज बांधताना त्यांना मोठे वजन दिले गेले. किनाऱ्यालगत लहान होड्यांनी मासेमारी करणारे ओरडून सांगत होते की मासा येत नाही, येतो तो लहान येतो. त्यांच्या सांगण्याला ‘शास्त्रीय आधार’ नव्हता! 2 जुलै 1992 रोजी सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांहून अधिक माणसांचा रोजगार गेला. बंदी उठली ती 2024 साली, बत्तीस वर्षांनी.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्यावर एकांगीपणाचा आरोप येईल. मे 2003 मध्ये रॅन्सम मायर्स आणि बोरिस वर्म यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात जपानी लाँगलाइन बोटींच्या 1952 पासूनच्या नोंदी मांडून निष्कर्ष काढला की महासागरातील मोठ्या शिकारी माशांपैकी केवळ दहा टक्के उरले आहेत. जगभर खळबळ उडाली. कार्ल वॉल्टर्स यांनी त्याच वर्षी हरकत घेतली. बोटी ज्या चौकोनांत गेल्याच नाहीत त्यांचे काय? आरंभीच्या बोटी सर्वांत संपन्न पाण्यात गेल्या. तोच दर साऱ्या महासागराला लावला, तर मुळातला साठा अवाच्या सवा फुगतो आणि पुढची घट भयंकर दिसते. शिवाय 1970 च्या दशकापासून जपानी बोटींनी दुसऱ्या जातीच्या कुप्यासाठी गळ अधिक खोल सोडले; वरच्या पाण्यातला मासा गळाला कमी लागू लागला तो संपला म्हणून, की गळ त्याच्या खालून गेला म्हणून? पुढे 2006 साली पॅसिफिकविषयी झालेल्या अभ्यासात घट खरी ठरली, पण इतकी सरसकट नव्हे. म्हणजे तीच वही निष्काळजीपणे वाचली तर एकदा खोटा धीर देते आणि एकदा खोटी भीती घालते.

आपल्या हिंदी महासागराचेच पाहा. पिवळ्या परांच्या कुप्याचा साठा अतिमासेमारीने खालावल्याचे हिंदी महासागर टुना आयोगाने 2015 साली जाहीर केले आणि पुढे पकडीवर मर्यादा आल्या. 2024 च्या नव्या मूल्यमापनात तोच साठा सुस्थितीत असल्याचे निघाले. मासे रातोरात वाढले नव्हते. लाँगलाइन नोंदींवरून काढलेला निर्देशांक नव्याने बांधला होता, वाढीची व मृत्यूची गृहीतके सुधारली होती. शास्त्रज्ञांनी चूक दुरुस्त करू नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या आकड्याचा पाया असा हलतो, त्यावर परवान्यांचे इमले उभारताना हात थरथरला पाहिजे.

आपल्याकडे तो कधी थरथरला नाही. 1991 च्या खोल समुद्र मासेमारी धोरणाने ‘न वापरलेली संपत्ती’ म्हणून परदेशी भागीदारीच्या जहाजांना दार उघडले. त्याविरुद्ध फादर थॉमस कोचेरी यांनी 1995 साली पोरबंदरला उपोषण केले. 1996 साली मुरारी समितीने ते परवाने रद्द करावेत अशी शिफारस केली. तरीही 2002 मध्ये परवाना-पत्रांच्या नावाने तीच वाट पुन्हा उघडली, ती 2017 साली बंद झाली. दरम्यान देशाच्या सागरी क्षेत्रातून किती मासा काढता येईल याचा अधिकृत अंदाज 2011 मध्ये 44.1 लाख टन होता, तो 2018 मध्ये 53.1 लाख टन झाला. समुद्र तोच आणि हद्दही तीच. कोकणातला मच्छीमार पर्ससीनच्या नावाने टाहो फोडत होता त्याच काळात कागदावरचा समुद्र नऊ लाख टनांनी भरला.

पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने महाराष्ट्राची पकड 2.01 लाख टन, म्हणजे पंचेचाळीस वर्षांतील नीचांकी, असल्याचे सांगितले. लगेच काहींनी समुद्र संपल्याची आरोळी ठोकली. पण त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ वादळांनी होड्या बंदरातच अडकवल्या होत्या. किती दिवस जाळे पाण्यात होते हे विचारल्याशिवाय पकडीच्या आकड्याला अर्थ नसतो, एवढे भान ओरडणाऱ्यांनीही ठेवावे.

कोणी विचारील, मग नोंदवह्या समुद्रात बुडवायच्या काय? मुळीच नाही. महासागराविषयी आपल्याजवळ दुसरे फारसे काही नाही; म्हणूनच त्या प्रामाणिक आणि पूर्ण हव्यात. योहानाच्या शुभवर्तमानात 153 मासे मोजल्याची नोंद आहे, तशीच त्याआधीच्या रात्री जाळे रिकामे राहिल्याचीही आहे. दप्तरांना पहिल्या नोंदीचीच आवड असते.

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने सागरी आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नवे नियम काढले आहेत. यांत्रिक बोटींना प्रवेश-पास घ्यावा लागणार आहे आणि सहकारी संस्थांना प्राधान्य मिळणार आहे. प्राधान्याचे आम्ही स्वागत करतो. परंतु पासाबरोबर रिकाम्या फेरीचीही नोंद मागा. गळ किती खोल होते, यंत्र कोणते होते, शोधण्यात किती तास गेले, किती मासा परत पाण्यात फेकला, हेही लिहून घ्या. मोठ्या जहाजांवर मालकाच्या पगारावर नसलेले निरीक्षक बसवा. मुंबईतच मुख्यालय असलेल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेच्या नौका जेथे धंदेवाईक बोटी जात नाहीत तेथे पाठवा आणि त्यासाठी पैसे द्या. आणि नवा आकडा दिल्लीत छापण्यापूर्वी तो सातपाटी, वसई, हर्णै, मालवण येथील मच्छीमार सोसायट्यांच्या सभेत मराठीतून वाचून दाखवा. तेथील म्हाताऱ्या नाखव्यांनी घेतलेल्या हरकती अहवालाला जोडल्या जाईपर्यंत एकाही नव्या मोठ्या जहाजाला पास देऊ नये, ही आमची मागणी आहे.