राख दिसते, पण सातबारा कुठाय?

वणव्यात बाग जळाली की पंचनाम्याच्या वेळी पहिला प्रश्न येतो, सातबारा कुणाच्या नावावर आहे? गायरान कसणाऱ्या आपल्या माणसाचं प्रकरण तिथंच संपतं.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत आग आहे. २०२२ ते २०२६ च्या निकषांत किमान ३३ टक्के नुकसान झालं तर बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. रक्कम तुटपुंजीच (आंब्याचं कलम फळाला यायला चार-पाच वर्षं लागतात), पण भूमिहीनाला तीही मिळत नाही.

१४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरान अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे. कितीतरी अर्ज अजून तहसीलमध्ये धूळ खात आहेत. आणि कोण जमीन कसतो हे सरकारला माहीत नाही, असंही नाही. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाचीच नोंदवही आहे. दंड लावताना या नोंदीतला माणूस सापडतो, मग मदत देताना तो कुठं हरवतो?

तेव्हा मित्रांनो, आग विझताच फोटो काढा. पंचनाम्याची मागणी लेखी द्या, सोबत १-ई चा उतारा आणि दंडाच्या पावत्या जोडा, पोच घ्या. नाकारलं तर कारणही लेखीच मागा.