वहीतला दुसरा रकाना

आठवडाभर आपण काय खाल्ले ते विद्यार्थ्यांनी लिहून काढावे, हा पोषणाचा उत्तम पाठ आहे. परंतु मीरा रोडच्या नया नगरसारख्या दाटीच्या वस्तीत एखाद्या वहीत चहा-पावच वारंवार आला, तर तो मुलाच्या अज्ञानाचा पुरावा मानायचा काय? १९७१ साली वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी दारिद्र्यरेषा आखली, ती रोज २२५० उष्मांक मिळतील एवढ्या खर्चावर. तेव्हा वहीत पदार्थासमोर भावाचाही रकाना हवा. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने ठरली आहेत. तरीही आठवड्याच्या एका अंड्याचा निधी राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतला व शाळांना लोकवर्गणीकडे बोट दाखवले! ते अंडे वहीच्या कोणत्या रकान्यात मांडायचे, हे शिक्षणखात्यानेच सांगावे.