समुद्रावरील दिवे आणि आकाशातील डोळा

रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई लागते. पोर्तुगीज काळापासून आपली श्रद्धा आणि आपली आगळी बोली जपत आलेला एक लहानसा ख्रिस्ती समाज तेथे कार्मेल मातेच्या मंदिराभोवती वसला आहे. त्याच खाडीच्या अलीकडच्या काठाला, रेवदंडा येथे, एक नवी घटना घडली आहे. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने ९ जानेवारी २०२५ रोजी किनाऱ्यावरील नऊ ठिकाणांहून ड्रोनद्वारे समुद्रावर देखरेख ठेवण्यास प्रारंभ केला. रायगड जिल्ह्यातून रेवदंडा व श्रीवर्धन या दोन ठिकाणांची त्यासाठी निवड झाली. बेकायदा मासेमारी करणाऱ्या नौका हेरणे आणि त्यांच्यावरील कारवाईसाठी पुरावा मिळविणे, हा त्यामागील हेतू.

वारा, तारे आणि भरती-ओहोटी पाहून ज्या समुद्रात आपले पूर्वज होड्या लोटीत, त्याच्यावर आता आकाशातून डोळा लागला आहे. नवे तंत्र हाती आले की ते कोणाच्या हाती असावे, त्याला आवर कोणी घालावा आणि त्याचा लाभ पुढील पिढीपर्यंत कसा पोहोचावा, हा आजच्या जगापुढील मोठा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्या किनाऱ्यावरच तो उभा आहे.

बटव्यासारखे जाळे

पारंपरिक डोलजाळे प्रवाहाच्या मार्गात रोवलेले असते. पाण्याचा ओघ जे आणील ते त्यात येते. मच्छीमार वाट पाहतो. पर्ससीन जाळ्याचा न्याय निराळा आहे. ते माशांच्या थव्याभोवती भिंतीसारखे फिरविले जाते आणि तळाची दोरी ओढली की बटव्यासारखे मिटते. थवा कोठे आहे हे ध्वनिलहरींवर चालणारे यंत्र दाखविते. त्यात प्रखर एलईडी दिव्यांची भर पडली. जनरेटरवर चालणारे हे दिवे रात्री पाण्यावर सोडले की बांगडा, तारली, माकूल असे जीव उजेडाकडे धावतात. त्यांच्याबरोबर अजून एकदाही अंडी न घातलेली पिल्लेही येतात आणि सारी एकाच वेढ्यात सापडतात.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. यांपैकी प्रत्येक साधन वेगळे पाहिले तर त्यात दोष दिसत नाही. एलईडी दिवा आपल्या मंदिरांत आणि घरांत विजेची बचत करतो. मासे शोधणारे यंत्र डिझेल आणि श्रम वाचविते. परंतु ही साधने एकत्र आली की माशाला लपायला जागाच उरत नाही. पूर्वी माणसाच्या असमर्थतेमुळे समुद्राला विसावा मिळत असे. आता तो विसावा माणसाने विचारपूर्वक द्यावा लागेल. नव्या तंत्राने आपल्यावर टाकलेली ही खरी जबाबदारी होय.

कायदा मागून चालतो

तंत्र पुढे धावते आणि कायदा मागून चालतो, हे आपल्याकडेही दिसून आले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा. पर्ससीन नौका वाढल्या, तेव्हा त्या प्रश्नाच्या अभ्यासासाठी डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने अशा मासेमारीवर राज्याने कडक निर्बंध आणले. एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या मूळ कायद्यातच दुरुस्ती झाली. एलईडी मासेमारीसाठी पाच लाखांपासून वीस लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली आणि कारवाईचे जे अधिकार महसूल खात्याच्या तहसीलदारांकडे होते, ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले.

तरीही दिवे विझले नाहीत. त्याचे एक कारण नकाशावर आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरपर्यंत, मासेमारीचे नियमन राज्याकडे आणि त्यापलीकडे केंद्राकडे. माशाला ही रेषा ठाऊक नाही. पळवाट शोधणाऱ्या नौकेला मात्र ती चांगली ठाऊक असते. म्हणून केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जे नियम जाहीर केले, त्यांचे महत्त्व आहे. त्यांत एलईडी मासेमारीला मज्जाव असून मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य आहे.

दुसरे कारण माणसाच्या मनात आहे. शेजारच्या नौकेने दिवे लावले की माझे जाळे रिकामे येते. कर्जाचा हप्ता तर थांबत नाही. मग मीही दिवे लावतो. हे केवळ लोभाचे नव्हे, भयाचेही गणित आहे. दुसराही नियम पाळील अशी खात्री प्रत्येकाला मिळाल्यावाचून कोणताही कायदा टिकत नाही. ड्रोनचे खरे मोल येथे आहे. दंड वसूल होणे ही त्यातील दुय्यम बाब. नियम पाळणारा मूर्ख ठरत नाही, असा विश्वास निर्माण होणे ही मुख्य बाब.

डोळा कोणाचा, हात कोणाचा?

मात्र ड्रोनकडून अवास्तव अपेक्षा बाळगू नयेत, असे आम्हांस वाटते. तो पाहतो, पकडत नाही. चित्र मिळाल्यावर गस्ती नौका वेळेवर निघाली पाहिजे, अधिकाऱ्याने दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत, दंड ठरला पाहिजे आणि तो भरला गेला पाहिजे. साखळीतील एक कडी सुटली तर आकाशातील डोळा निव्वळ शोभेचा ठरेल. त्याहून वाईट म्हणजे, तो डोळा लहान होडीवर रोखला गेला आणि मोठ्या नौकेकडे पाहताना मिटला, तर अन्यायालाच नवे शस्त्र मिळेल.

दुसरा प्रश्न माहितीचा आहे. पंतप्रधानांनी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे देशातील एक लाख नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ केला. उपग्रहामार्फत चालणाऱ्या या यंत्रामुळे वादळाची सूचना मिळते आणि संकटातील नौकेला मदत मागता येते. समुद्रावर गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईला विचारावे, म्हणजे त्याचे मोल कळेल. परंतु तेच यंत्र नौका कोठे आहे हेही सांगते. मासळीची जागा हे तर मच्छीमाराचे वडिलोपार्जित धन. ही माहिती कोण पाहणार, किती काळ जपणार आणि कशासाठी वापरणार, हे त्याला त्याच्या भाषेत स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

ख्रिस्तसभेची दृष्टी

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लौदातो सी' या विश्वपत्रात तंत्रज्ञानाला शत्रू मानलेले नाही. रोगमुक्ती आणि श्रममुक्ती देणाऱ्या माणसाच्या सर्जनशक्तीबद्दल त्यांनी कृतज्ञता व्यक्त केली आहे. त्यांचा आक्षेप आहे तो, जे करता येते ते केलेच पाहिजे, या वृत्तीला. त्याआधी १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी आणखी एक तत्त्व स्पष्ट केले होते : जे काम लहान समुदाय स्वतः करू शकतो, ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून हिरावून घेऊ नये, मोठ्या सत्तेने त्याला साहाय्य करावे. समुद्रालाही हे तत्त्व लागू पडते. बारा मैलांपलीकडची दिव्यांची नौका अडविणे मच्छीमार सोसायटीच्या आवाक्यातले नाही. तेथे शासनच हवे. परंतु कोणत्या ऋतूत कोणती जागा मोकळी सोडावी, जाळ्याचा आस किती असावा, याचे ज्ञान कोळीवाड्यात आहे. नियम ठरविताना त्याला स्थान मिळालेच पाहिजे.

आपल्याच एका धर्मगुरूंनी हे दाखवून दिले आहे. केरळचे रिडेम्प्टोरिस्ट फादर थॉमस कोचेरी (निधन २०१४) यांनी राष्ट्रीय मच्छीमार संघटनेचे नेतृत्व केले. १९९१ च्या धोरणानुसार परदेशी भागीदारीतील मोठ्या जहाजांना खोल समुद्रात परवाने मिळू लागले, तेव्हा सर्व धर्मांच्या मच्छीमारांनी एकत्र येऊन देशव्यापी लढा दिला. त्यातून मुरारी समिती नेमली गेली आणि तिने असे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. संघटित लहान माणूस धोरणाची दिशा बदलू शकतो, याचा हा धडा आहे.

आपला वाटा

दोष केवळ मोठ्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. बारीक आसाच्या डोलजाळ्यातही पापलेटची पिल्ले सापडतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्त मिळते म्हणून आपण पिशवीत टाकतो, तेव्हा दिवे लावणाऱ्या नौकेला आपणच गिऱ्हाईक पुरवीत असतो. मासळी विकणाऱ्या आपल्या भगिनीवर राग न धरता, आपली खरेदी आपण विचारपूर्वक करू शकतो.

किनाऱ्यावरील आपल्या धर्मग्रामांना आमची एक सूचना आहे. जुलैमधील सागर रविवार केवळ प्रार्थनेपुरता न ठेवता, त्या दिवशी मच्छीमार, मासळी विकणाऱ्या महिला आणि मत्स्यव्यवसाय अधिकारी यांना सभागृहात एकत्र बोलवावे. ड्रोनने किती नौका पाहिल्या, किती प्रकरणे निकाली निघाली, किती दंड वसूल झाला, हे शांतपणे विचारावे. हिशेब मागणारा समाज असेल तरच देखरेखीला अर्थ राहतो.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस शिष्य रात्रभर जाळे टाकतात आणि हाती काही लागत नाही. पहाटे किनाऱ्यावरून प्रभू त्यांना जाळे कोठे टाकावे हे सांगतो आणि १५३ मोठे मासे मिळतात. तेथे दोन गोष्टी आवर्जून नोंदविलेल्या आहेत : मासे मोठे होते आणि जाळे फाटले नाही. मासळी भरपूर मिळावी आणि समुद्राचे वस्त्रही फाटू नये, एवढीच आपली प्रार्थना आहे. तिला कृतीची जोड देणे आपल्या हाती आहे.